वरचे दात

विनोदिनी ओरडत नसे. गुढियारीत रेल्वेलाइनच्या कडेला तिचं लहानपण गेलं. तिथं सगळेच चढ्या आवाजात बोलत, कारण थोड्या थोड्या वेळानं मालगाडी जायची आणि माणसाचं अर्धं वाक्य चाकांखाली जायचं. विनोदिनी मात्र थांबायची. गाडी जाऊ द्यायची आणि मग उरलेलं बोलायची. तिचे वडील बडनेऱ्याकडून आलेले, रेल्वेत गँगमन. ते म्हणायचे, "आमची पोट्टी सिग्नलसारखी आहे. आवाज नाही, पण सगळे थांबतात." खरं म्हणजे तिच्यासाठी कोणी थांबत नसे. तीच थांबत असे.

आईवडील गेल्यावर माहेर म्हणून गौतम उरला. तो तिच्याहून लहान, तिच्याच कडेवर वाढलेला. आता तो सिलतऱ्याला एका लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर आहे. मागच्या थंडीत त्याच्या मनगटावर काहीतरी तापलेलं उडालं. तिथं नवी कातडी आली आहे, तान्ह्या मुलासारखी गुलाबी. तो ती कौतुकानं दाखवतो. विनोदिनी दुसरीकडे बघते.

लग्न होऊन ती त्याच शहरातल्या तात्यापाऱ्यात आली, एका दुकानाच्या वरच्या तीन खोल्यांत. नवरा अश्विन विम्याच्या ऑफिसात. मराठी त्याला सगळं समजतं, पण या हिंदी मुलखात वाढलेला, बोलतो हिंदी. सासू शर्मिष्ठाबाई. आणि ऋता, सात महिन्यांची. रविवारी तिचं उष्टावण ठरलं होतं. मामानं मांडीवर घेऊन खिरीचं पहिलं बोट चाटवायचं. मामा म्हणजे गौतम.

त्याच्या आधीच्या गुरुवारी, दुपारी, विनोदिनी ओरडली.

ऋता पीत होती. डोळे अर्धे मिटलेले, एक हात आईच्या पोतीत अडकवलेला. आणि एकदम चावली. कळ छातीतून थेट पाठीपर्यंत गेली. विनोदिनीच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. ऋतानं तोंड सोडलं. आईकडे पाहिलं. तिचा खालचा ओठ बाहेर आला, चेहरा लाल होत गेला, आणि रडणं फुटायला इतका वेळ लागला की विनोदिनीला वाटलं, श्वासच अडकला.

शर्मिष्ठाबाई ओल्या हातांनी धावत आल्या. "काय झालं? केवढ्यानं ओरडलीस! खाली दुकानातली गिऱ्हाईकं वर बघून राहिलीत. हे गुढियारी नाही, बाई."

"पाल होती," विनोदिनी म्हणाली.

पाल नव्हती. दात होते. थोड्या दिवसांपूर्वी ऋताचं तोंड पुसताना तिच्या बोटाला वरच्या हिरडीत काहीतरी टोचलं होतं. बघितलं तर दोन पांढऱ्या कडा. खालची हिरडी अजून गुळगुळीत होती. वरचे दात आधी आले की मामाला जड, हे तिनं लहानपणापासून ऐकलं होतं आणि हसून सोडून दिलं होतं. या घरात मात्र ते वेगळ्या तऱ्हेनं ऐकायला मिळालं. एकदा डाळ निवडता निवडता शर्मिष्ठाबाई म्हणाल्या होत्या, "अश्विनचे वरचे आधी आले. त्याच वर्षी माझा भाऊ दिवाकर गेला, मोटारसायकलवरून." कोणाची बदली झाल्याचं सांगावं तसं सांगितलं आणि डाळीतला खडा बाजूला ठेवला.

विनोदिनीचा विश्वास नव्हता. पण तिला भट्टी दिसायची, आणि ते मनगट. तिनं ठरवलं, खालचे दात येईपर्यंत कोणाला कळू द्यायचं नाही. एकदा ते आले की आधी कोणते आले हे कोण विचारतं! तोवर ऋता हसायला लागली की ती तिला चटकन खांद्याशी धरायची. मुलीचं हसणं ती लपवत होती.

संध्याकाळी तिनं ऋताला पुन्हा जवळ घेतलं. ब्लाउजचं हूक काढताच मुलगी धनुष्यासारखी मागे वाकली आणि किंचाळायला लागली. दुसऱ्या बाजूला घेतलं, तेच. उभी राहून, फिरून, अंधार करून, पंखा बंद करून, तेच. पदराखाली घेतलं तर पदर ओढून बाहेर आली. "नाही ओरडणार गं, राणी. आता नाही," विनोदिनी पुटपुटत राहिली. तेव्हा तिच्या लक्षात आलं, ऋता छातीकडे बघतच नाहीये. ती आईच्या तोंडाकडे बघते आहे. तो आवाज तिथून पुन्हा केव्हा निघेल याची वाट बघत असल्यासारखी.

अश्विन ऑफिसातून आला आणि पालीच्या मागे लागला. झाडू घेऊन त्यानं कपाट सरकवलं, कॅलेंडर काढलं, पलंगाखाली शिरला. आणि खरोखरच एक पाल निघाली. "मिल गई!" तो ओरडला, म्हणून ऋता आणखी रडली. त्यानं पाल गॅलरीतून हाकलली आणि हात धुऊन म्हणाला, "अब पी लेगी."

पाल गेली. ऋता तशीच राहिली.

शर्मिष्ठाबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवून तव्यावर टाकल्या. भांडीवाली दारातून म्हणाली, "नोनी ला नजर लग गे हे, दीदी." पोरीला नजर लागली, म्हणे. मग चौकशी सुरू झाली. काल कढी खाल्लीस का? थंड पाण्यानं न्हायलीस का? दूध आटलं का? दूध आटलं नव्हतं. तेच तर दुखणं होतं. छाती दगडासारखी झाली होती, ब्लाउज भिजून जात होता, मुलगी भुकेनं मूठ चोखत होती, आणि दोघींच्या मध्ये तो एक आवाज होता. रात्रभर विनोदिनी मोरीत बसून वाटीत दूध पिळायची. शर्मिष्ठाबाई ते बोंडल्यानं पाजायच्या. अर्धं पोटात जायचं, अर्धं मानेवरून ओघळून झबल्यात. "आई जिवंत असून बोंडलं," त्या म्हणायच्या. कोणाला म्हणून नाही, भिंतीला.

खरं सांगितलं असतं तर निदान एवढं तरी थांबलं असतं. पण सांगायचं म्हणजे दातांचंच सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी अश्विननं ऐकलं नाही, डॉक्टरकडे नेलं. त्यांनी कान पाहिले, घसा पाहिला, मग टॉर्च वर केली. "अरे वाह, दो-दो! इसने काटा होगा, आप चिल्लाई होंगी. डर गई है बच्ची. ज़बरदस्ती मत कीजिए. नींद में हो तब पिलाकर देखिए. और वज़न पर नज़र रखिए, ऐसे ज़्यादा दिन नहीं चलेगा."

परत येताना स्कूटरवर तिला अश्विनला सांगायचं होतं, की घरी दातांचं बोलू नका. पुढे बस होती, मागून ट्रकचा हॉर्न, चौकात कोणाचा तरी डीजे लागलेला. आवाज ओसरला की सांगू, म्हणून ती थांबली. आवाज ओसरला नाही. घर आलं.

"आई," अश्विन जिन्यातूनच म्हणाला, "छिपकली-विपकली कुछ नहीं! ऊपर के दो दाँत आए हैं तुम्हारी पोती के!"

शर्मिष्ठाबाई रविवारच्या खिरीचे तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात ताटातच राहिला. "वरचे?"

"हाँ, ऊपर के." तो मोरीकडे गेला आणि गुणगुणत पाय धुवायला लागला. त्याच्या दातांची गोष्ट त्याला कोणी कधी सांगितली नव्हती.

"तुला माहीत होतं," शर्मिष्ठाबाई म्हणाल्या.

"हो."

आता बोलणी बसणार म्हणून विनोदिनी उभी राहिली. बोलणी बसली नाहीत. सासूनं तांदळाचं ताट बाजूला सरकवलं. "गौतमला फोन कर. रविवारी येऊ नको म्हण."

"काय सांगू?"

"पोट्टीला ताप आहे म्हण."

विनोदिनीनं तसं सांगितलं. त्यामुळे दिवस मावळायच्या आत गौतम दारात उभा. "ताप आहे म्हणते अन् येऊ नको म्हणते! मी काय पाहुणा आहो काय, ताई?" त्यानं मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात घासले. कातडीच्या रेघांत बसलेली काळी भुकटी काही निघाली नाही. मग त्यानं ऋताच्या कपाळाला गाल लावला. "कुठे आहे ताप? थंडगार तं आहे." ऋतानं त्याचं बोट धरून तोंडात घातलं.

"आई गं! चावून राहिली ना हे! ताई, हिले दात आले! अन् वरचे..."

तो थांबला. बहिणीकडे पाहिलं, मग शर्मिष्ठाबाईंकडे. आणि हसायला लागला. "अच्छा. हा ताप आहे काय! मावशी, भट्टीवर आम्ही किती लोक उभे राहतो. सगळ्यांच्या भाच्यांचे दात पाहत बसलं तं प्लांटच बंद पडन."

शर्मिष्ठाबाई हसल्या नाहीत. "आज ड्यूटी आहे?"

"रातपाळी."

"नको जाऊस."

या बाईंनी त्याला जेवून जा असंही कधी फार आग्रहानं म्हटलं नव्हतं. "हाजिरी कटते, मावशी," गौतम हळू म्हणाला. मग उगाच मोठ्यानं, "रविवारी खीर मीच चाटवीन. चावली तं चावली." आणि जिना उतरला.

मामानं खेळवल्यामुळे ऋता दमली होती. विनोदिनीनं तिला खांद्यावर घेतलं तेव्हा तिचे डोळे जड झाले होते. ती गॅलरीत आली. खाली गौतमनं गाडी चालू केली. हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं. "हेल्मेट घाल," ती म्हणाली. त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं वर बघून हात हलवून विचारलं, काय? खालून एक ऑटो चालला होता, त्यामागून दुसरा. पोचलास की फोन कर, हेही सांगायचं होतं. मोठ्यानं हाक मारली असती तर त्याला ऐकू गेलं असतं. खांद्यावर ऋताचा श्वास लांब होत चालला होता. विनोदिनीनं तोंड उघडलं आणि मिटलं. ऑटो जायची ती वाट बघत राहिली. ऑटो गेला तेव्हा गौतम वळणावर होता, हेल्मेट तसंच.

ती आत येऊन पलंगावर कुशीवर पडली. दिवा लावला नाही. झोपेत ऋता तोंड हलवत होती, चोखल्यासारखं. विनोदिनीनं हूक काढलं, जवळ सरकली, श्वास धरला. ऋतानं शोधलं. घेतलं. प्यायला लागली.

छातीतला दगड हळूहळू सैल झाला. विनोदिनीच्या डोळ्यांतून पाणी उशीवर गेलं. तेही तिनं आवाज न करता जाऊ दिलं.

मग मध्येच चोखणं थांबलं. दात तिला आधी हलके जाणवले, मग रुतले. जुन्याच जागी, जिथं गुरुवारची जखम होती. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. लांब रेल्वेकडून मालगाडीचा आवाज यायला लागला होता. डबे संपत नव्हते.

दाराशी शर्मिष्ठाबाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात विनोदिनीचा फोन होता.

"पोचला का गं?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

तोंडातला बोळा तसाच धरून विनोदिनीनं फोनसाठी हात पुढे केला.