आबांचं वेगळं ताट

“आबा लय वाळल्यात गड्या. वयच झालं की, दुसरं काय!” गुरुवारचं भजन संपल्यावर टाळ पिशवीत भरता भरता तात्या शेजारच्याला म्हणाले. मी प्रसाद घेऊन दारात उभी होते. आबा म्हणजे माझे आजोबा. फौजेतून निवृत्त झालेले, आष्ट्यात आमच्या आळीतल्या दत्तमंदिरात भजन उचलणारे. खोकला असा जेमतेमच होता. पण जेवण तुटलं होतं, संध्याकाळी अंग तापायचं, आणि फौजेतल्या पट्ट्याला त्यांनी खिळ्याने तिसरं नवं भोक पाडलेलं मी पाहिलं होतं. घरातले सगळे वयालाच दोष देत होते. मी चारचौघांत बोलणारी नव्हे, मीही गप्प राहिले.

माझं कॉलेज सांगलीला. दुसऱ्या दिवशी तास बुडवून कृष्णेच्या घाटावरच्या देवळात गेले. माझी शाळा झाली इंग्रजी माध्यमात, आरतीसुद्धा मी मोबाईलवर वाचून म्हणते. देवाशी काय बोलावं तेच सुचेना. पायरीवर बसले आणि रडू आलं. “काय झालं गं पोरी?” दुर्वा विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं. घरी न बोललेलं सगळं मी त्यांना सांगून टाकलं, पट्ट्याचंसुद्धा. त्या म्हणाल्या, “आमच्या मालकांचं बी आसंच. खोकला न्हवता फारसा, नुसतं झिजत चालले. टीबी निघाला. म्हाताऱ्या माणसाचं लवकर कळत न्हाई बग. सकाळची थुंकी तपासून घे.” नंतर मी तीनदा तिथे गेले, त्या दिसल्या नाहीत. कोण होत्या हे मी कुणाला पटवून देत बसत नाही. मी हात जोडले, एवढंच.

घरी हट्ट धरून आबांना दवाखान्यात नेलं. तपासणीत टीबीच निघाला. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी आबांना मळमळायचं, घास उतरायचा नाही. “भायेर बोलायचं न्हाई,” आबांनी बजावलं आणि स्वतःचा ताट-तांब्या वेगळा केला. पण गुरुवारी टोपी घालून ते भजनाला निघाले. मी अडवलं तर म्हणाले, “ताट येगळं केलंय की!” डॉक्टरांनी बजावलं होतं, हा आजार ताटातून नाही, हवेतून जातो, निदान सुरुवातीचे काही आठवडे बंद जागेत बसायचं नाही, सोबत बसणाऱ्यांनीही तपासून घ्यायचं. आणि मंदिरात डासांसाठी खिडक्या लावून आठ-दहा म्हातारी माणसं दोन तास गात असतात.

आबांसमोर घरात कुणी उभं राहत नाही. मी दारात उभी राहिले, हलले नाही. शेवटी त्यांनी टोपी काढली. “मग तूच जाऊन सांग त्यास्नी,” ते चिडून म्हणाले. मी सांगणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

आज आबांचा पट्टा पुन्हा जुन्या भोकावर आला आहे, आणि त्याबद्दल मी रोज देवाचे आभार मानते. पण कृपा म्हटली की मला ती संध्याकाळ आठवते. आबांच्या जागी मी एकटी मंदिराकडे निघाले. देवावर सोपवायचं म्हणजे गप्प बसायचं, असं मला आधी वाटायचं. मंदिराच्या पायरीवर मात्र मनात एवढंच आलं, की पुढचं तुझ्या हाती, तोंड मी उघडते.

“आबा कुटं हायती?” तात्यांनी विचारलं. सगळ्यांनी माना वळवल्या.

“आबांना टीबी झालाय, तात्या,” मी म्हणाले. “गोळ्या चालू आहेत, बरे होतील. उद्या सकाळी तुम्ही सगळे माझ्याबरोबर तपासायला चला. आणि आधी त्या खिडक्या उघडा.”