आत्ता बाजरी चालू आहे

कोपरखैरण्यातल्या आमच्या चक्कीवालीचं नाव मला अजून माहीत नाही, पण तिचं स्टेटस मात्र मी रोज बघते. साताऱ्याकडची बाई, पापण्यांवर कायम पीठ. लोक तयार पिठाच्या पिशव्या आणायला लागले, तशी तिची चक्की बसली. व्हॉट्सॲपवर पिठाचे फोटो टाकून बघितले तिनं, कुणी फिरकलं नाही. शेवटी चक्की विकायला काढली.

आणि मग एका सकाळी तिनं लिहिलं, 'आत्ता बाजरी चालू आहे. गहूवाल्यांनी अकरानंतर यावं.' अकराला बायका हजर.

"हे कसं गं सुचलं?" मी विचारलं.

"काकू, पीठ समद्यांचं सारखंच दिसतंय. पन बाजरीमागनं गहू दळला की पोळी काळी पडती. बाईला कळाया पायजे, आपलं दळण कशाच्या मागनं निघनार."

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी तिनं टाकलं, 'चक्की साफ केली. आज फक्त उपवासाची भाजणी.' रांग पार मेडिकलपर्यंत गेली, डबा घेऊन मीही त्यात. नंबर आल्यावर हळूच विचारलं, "चक्की बघायला माणूस येणार होता ना आज?"

"आलाय की," ती डबा ओतत म्हणाली. "त्याला म्हनलं, रांगेत थांबा."