आधी हद्द सांगा

आमच्या साडूंना साधा प्रश्न विचारून साधं उत्तर मिळालेला माणूस कराडपासून सांगलीपर्यंत अजून जन्मायचाय. "जेवलात का?" एवढंच विचारा. "सकाळचं म्हंताय का आत्ताचं? नाष्टा धरायचा का सोडायचा?" बघायच्या कार्यक्रमात "मुलगी पसंत आहे का?" असं विचारलं, तर हा गृहस्थ म्हणाला, "मला का घरच्यास्नी?" माझी मेहुणी हे अजून रागानं सांगते आणि सांगता सांगता स्वतःच हसते.

आता खरं बोलायचं तर दोष त्यांचा नाही, धंद्याचा आहे. कराडात त्यांचा मंडप आणि भांडी भाड्यानं द्यायचा व्यवसाय. लग्नघरातलं कुणी येऊन "ताटं किती लागतील?" म्हणालं, की साडू खुर्ची पुढं ओढतात. "आधी हद्द सांगा. पंगत का बुफे? आणि आमंत्रण चूलबंद का घरटी एक?" चूलबंद म्हणजे पाहुण्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटायची नाही, पोराबाळांसकट सगळं घर जेवायला. घरटी एक म्हणजे घरातला एकच माणूस. हे न विचारता वाटी जरी मोजली तरी पंगतीत बोंब होते, असं त्यांचं म्हणणं. असेलही. पण "पाणी देऊ का?" म्हटल्यावर "प्यायला का हात धुवायला?" म्हणणाऱ्या माणसाचं ऐकायचं तरी किती!

त्यांची एकुलती एक लेक कराडातच इंजिनिअर झाली, पुण्यात एमबीए केलं आणि एका मोठ्या सल्लागार कंपनीच्या मुलाखतीला बसायची होती. त्या नोकरीचा पोरीनं अगदी ध्यास घेतला होता. या मुलाखतीत म्हणे, अमुक वस्तू बाजारात किती खपते असं विचारतात. खरा आकडा कुणालाच ठाऊक नसतो. काय धरायचं, काय सोडायचं हे आधी विचारून घ्यायचं आणि मग अंदाज बांधायचा. हे ऐकून साडू असे फुलले, की जणू त्यांच्या स्वभावाचीच कुणी परीक्षा काढली असावी.

सरावासाठी मला सांगलीहून बोलावून साहेब केलं. मी विचारलं, "सांगलीत वर्षाला हळद किती खपते?" पोरगी थेट लोकसंख्येला भिडली.

"थांब!" साडू कडाडले. "हद्द इचारलीस का? खपती म्हंजे? सांगलीकर खात्यात ती, पेठंतनं भाईर जाती ती, का नवरा-नवरीच्या अंगाला लागती ती?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "मला काय ठाऊक?" मी म्हणालो.

"आवं, सायेब कदी असं म्हंतो व्हय!"

"हळदीवरनं आठवलं," मेहुणी आतून म्हणाली, "घरातली संपलीय, तेवढी आणा."

"फोडणीला का लोणच्याला?" साडू म्हणाले.

खऱ्या मुलाखतीत प्रश्न आला, लग्नसराईत आइस्क्रीम किती खपतं? पोरीनं शांतपणे विचारलं, आमंत्रण चूलबंद धरू की घरटी एक? दिल्लीकडच्या साहेबांना काही उमजेना. तिनं समजावून सांगितलं, तसे ते इतके रंगले की वेळ संपली तरी त्यावरच बोलत बसले. पोरगी निवडली गेली.

मी पेढे खायला कराडला गेलो, तर साडू माझ्यापुढं हिशेब मांडून मोकळे. "शनवारी दुपारची गाडी धरली की जेवायला घरात. ऐतवारी सांच्याला परत."

"परत कुठं?" मी विचारलं.

"पुण्याला की!"

पोरीच्या हातातला पेढ्यांचा खोका तसाच राहिला. "पप्पा, गुरुग्रामला. दिल्लीजवळ."

साडू खाली बसले. "मी पुणंच धरून चाललो हुतो," ते मला म्हणाले. "इचारलंच न्हाई बगा."

"पप्पा, मी जाऊ ना?"

"जायाचं. बिनघोर जायाचं." एकही उलटा प्रश्न न करता त्यांनी दिलेलं उत्तर मी तेवढंच ऐकलं.

पोरगी तिकडं छान रमलीय. साडूही मजेत आहेत, मंडपवाल्यांत लेकीचं कौतुक सांगत फिरतात. परवा म्हणाले, दिवाळीला येते असा तिचा फोन आलाय.

"कधी येणार? किती दिवस राहणार?" मी विचारलं.

"इचारलं न्हाई."

"तुम्ही? आणि विचारलं नाही?"

"इचारलं की ती आकडा सांगंल," ते म्हणाले. "मग तेवढंच धराय लागतंय."