जनरेटरला वळसा

“चालू कुठं मॅडम? तुमच्या डोक्यावरनं?”

मुमताजचाचींनी वॉकर भिंतीला आपटला आणि खुर्चीत बसल्या. मी फिजिओथेरपिस्ट. सर्जन नवा गुडघा बसवतात, तो चालता करायचं काम माझं. चाचींचा गुडघा बदलून महिना होऊन गेला होता आणि अजून तो हवा तसा वाकत नव्हता. रोज चालता ना, एवढंच मी विचारलं होतं. त्यावर हे उत्तर.

चाचींचं बांगड्यांचं दुकान आमच्या हॉस्पिटलच्याच रस्त्यावर, पुढच्या चौकात. नवरा गेल्यापासून त्यांनी ते एकटीनं चालवलेलं. ऑपरेशननंतर त्याला कुलूप होतं, आणि मुलगा म्हणत होता, अम्मी, आता दुकान भाड्यानं देऊ. “ईदपतोर थांब,” चाचींनी त्याला बजावलं होतं. “तवर माझ्या पायानं दुकानात न्हाई गेले, तर दे.” मुलाच्या गाडीवर मागं बसून जाणं त्यांना मान्य नव्हतं. उद्या पोराला वेळ नसला की दुकान बंद, हे त्यांना कळत होतं.

गुडघ्याचं असं असतं, की नव्या सांध्याला पहिल्या काही महिन्यांत लावाल ती सवय लागते. तेव्हा माणूस बसून राहिला तर सांधा आखडतो, आणि मग तो सोडवणं फार दुखतं. हॉलमध्ये आमच्याकडे पॅरलल बार असतात. दोन्ही बाजूंच्या दांड्या धरून मधून चालायचं. पण तेवढ्यानं भागत नाही. रोज बाहेर चालावंच लागतं.

म्हणून मी चाचींबरोबर बाहेर निघाले. गावाचं नाव सांगत नाही, कराडहून एसटीनं यावं लागतं एवढं पुरे. फूटपाथ आहे. त्यावर मोटारसायकली, फळांचे क्रेट, मिठाईवाल्याच्या दुकानाच्या पायऱ्या आणि कुणातरी दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. खाली उतरावं तर उसाचा हंगाम. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारे ऊस खांद्याला घासून जातात. चाची वॉकर उचलायच्या, दचकायच्या आणि परत तिथंच ठेवायच्या. अर्ध्या वाटेवरून आम्ही मागं फिरलो. मला भयंकर राग आला होता.

तशीच नगरपालिकेत गेले. साहेबांनी चहा मागवला.

“मॅडम, आपण नदीकाठी जॉगिंग ट्रॅक केलाय की. लायटिंगबियटिंग सगळं. पेशंट तिकडं पाठवा.”

“जायचं कसं तिकडं?”

“गाडीवरनं.”

“चालायला गाडीवरनं जायचं?”

“सगळे जातात.” मग ते हसले. “फूटपाथ मोकळा करतो की. सुरुवात कुठनं करू? तुमच्या हॉस्पिटलचा जनरेटर कुठं बसवलाय, बघितलाय का?”

बघितला होता. आमच्या फाटकाला लागून, अख्खा फूटपाथ अडवून, लोखंडी जाळीत ऐटीत बसलेला. मी चहा तसाच ठेवून उठले.

डॉ. निकम आमच्या हॉस्पिटलचे मालक. चाचींचा गुडघा त्यांनीच बसवलेला. त्यांच्या हाताला तोड नाही, हे आधीच सांगून टाकते.

“सर, जनरेटर आत घ्यायला लागेल.”

“आत कुठं? आत माझी गाडी लागते.”

“तीच जागा म्हणतेय मी.”

“तुम्ही फिजिओ आहात ना? मग फिजिओ बघा.”

ठीक आहे म्हटलं, फिजिओच बघते. मी मूळची कवठे महांकाळची. आमच्याकडं पाणी कमी, पण हट्टाला तोटा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळचं गेट ट्रेनिंग, म्हणजे चालण्याचा सराव, मी हॉलमधून रस्त्यावर हलवलं. आधी प्रत्येकाला विचारलं. चाचींसह पाच जण तयार झाले, बाकीचे आत थांबले. पुढं आणि मागं नातेवाईक लाल टॉवेल घेऊन उभे केले. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून रस्त्याची उजवी कड धरली आणि जनरेटरला वळसा घालून चालायला लागलो. वॉकर पुढं, दुखरा पाय, मग चांगला पाय. परत वॉकर पुढं.

समोरून आलेला ट्रॅक्टर थांबला. त्याच्यामागं दुसरा, त्यामागं एसटी. हॉर्नचा कल्ला झाला.

“आवं बाई, दवाखाना आत हाय का रस्त्यावर?” पहिला ट्रॅक्टरवाला ओरडला.

चाचींनी वॉकर रोवला. “दवाखाना आत हाय, आन् दवाखान्याचं मशीन फूटपाथवर हाय. आमी कुठनं जायाचं? तूच सांग रं.”

त्यानं जनरेटरकडं पाहिलं आणि इंजिन बंद केलं. “जावा चाची निवांत. कारखाना काय पळून चाललाय व्हय?” खाली उतरून तो मागच्यांना हात दाखवत उभा राहिला.

डॉ. निकम ऑपरेशनच्या हिरव्या कपड्यांतच धावत आले. “हे काय चाललंय?”

“फिजिओ, सर.”

“आत घ्या सगळ्यांना!”

“घेते. उद्या परत बाहेर. जनरेटर हलेपर्यंत रोज.”

“नोकरी जाईल तुमची.”

“जाऊ दे. पण गुडघा तुम्ही बसवलाय सर, आणि तो वाया चाललाय. बघायचाय?”

ते चाचींकडं वळले. “वाकवा बघू.”

चाचींनी भर रस्त्यात गुडघा वाकवला. थोडासा वाकला आणि अडला. चाचींच्या डोळ्यांत पाणी आलं. आपलं काम आपल्याच दारात बिघडलेलं सरांना सोसलं नाही. ते आत गेले, आणि त्याच आठवड्यात जनरेटरही आत गेला.

मी नगरपालिकेत फोन लावला. “साहेब, आमचा हलला. आता?” साहेबांकडं सबबच उरली नाही. क्रेट गेले, फ्लेक्स गेला. मोटारसायकली अधूनमधून परत येतात, आम्ही परत काढायला लावतो. मिठाईवाल्याच्या पायऱ्या तेवढ्या राहिल्या, त्याचा मेहुणा नगरसेवक आहे.

ईदच्या आधी चाची चालत दुकानात गेल्या. मुलानं शटर वर केलं. गल्ल्यावर बसल्या बसल्या त्यांनी आधी माझा हात ओढला आणि मनगटभर हिरव्या बांगड्या भरल्या. फिजिओच्या कामात बांगड्या चालत नाहीत, सरांचा तसा नियम आहे. सरांनी त्या दिवशी माझ्या हाताकडं पाहिलं आणि मान फिरवली.

‘रोज चाला’ म्हणायला काही लागत नाही. आता मी ते म्हणण्याआधी पेशंटला विचारते, कुठनं? उत्तर नीट आलं नाही, की बूट घालते.

चाची मिठाईवाल्याच्या त्या पायऱ्यांपाशी रोज रस्त्यावर उतरतात, पण उतरण्याआधी पायरीवर दणकन काठी आपटतात. मिठाईवाला आता त्यांना बघूनच आत जातो.