हार नसलेली माणसं

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेंगा सोलणं. "तोंडात कमी टाका, परातीत जास्त," ती म्हणाली. त्याच आठवड्यात गेली.

पुढं लेकीनं दिल्लीला नेऊन थोरामोठ्यांच्या तसबिरींचं दालन दाखवलं. सगळे मेलेले, पण हार एकालाही नाही.

"हार कुठंत गं?"

"बाबा, इथं नाही घालत."

म्हणूनच ती माणसं आत्ता बोलतील अशी बघत होती. घरी हिच्या फोटोला आम्ही चंदनाचा हार घातलाय. बघावं तेव्हा ती मेलेलीच दिसते. तिथं एवढ्या तोंडांत मी तिचंच शोधत फिरलो.

घरी परतलो. दुसऱ्या सकाळी हार उतरवला, फोटोसमोर शेंगा सोलायला बसलो आणि मुद्दाम दाणे तोंडात टाकत राहिलो.