तोफमावशी

गल्लीच्या तोंडाशी कपडे धुणाऱ्या मावशीला सगळे मागून 'तोफ' म्हणत. तिचं तोंड सुटलं की भलेभले काढता पाय घेत. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. भट्टी, इस्त्री आणि वरच्या मजल्यावरच्या बाइंडरीणबाईशी वैर, एवढाच तिचा संसार. बाइंडर घरीच पुस्तकं बांधी. त्याची बायको खिडकीतून पाणी फेकी, ते नेमकं मावशीच्या वाळत घातलेल्या चादरींवर पडे. त्यावरून दोघींचा दोन वर्षं अबोला होता.

मग तापाची साथ आली. पंधरवड्यात शहर ठप्प झालं. शाळेच्या वर्गांत खाटा पडल्या आणि तिथल्या चादरींचे ढीग मावशीकडे येऊ लागले. लोक दारं लावून बसले. मावशी नाकातोंडाला फडकं बांधून चादरी उकळत राहिली.

एका दुपारी तिच्या ध्यानात आलं, तीन दिवसांत वरून पाण्याचा थेंब पडलेला नाही. वर जाऊन पाहते तर बाइंडर, बायको आणि सहा वर्षांची मुलगी, तिघंही तापाने फणफणलेली. घोटभर पाणी द्यायलाही कुणी उठण्यासारखं नव्हतं. मावशीने पदर खोचला. दहा दिवस ती खाली चादरी आणि वर माणसं सांभाळत होती. बाइंडर गेला. मायलेकी वाचल्या.

अकराव्या दिवशी मावशीच भट्टीपाशी कोसळली. शुद्ध आली तेव्हा बाइंडरीणबाई उशाशी बसून चमच्याने पाणी पाजत होती. डोळे रडून सुजलेले.

"तू कशाला उतरलीस? जिना झेपतो का तुला?" मावशी पुटपुटली.

"बसत बसत उतरले. आता गप पडा. दोन वर्षं बोलला नाहीत, आणखी दोन दिवस नका बोलू."

मावशी हसायला गेली आणि रडली. नवरा गेल्यापासून तिला कुणी आपल्या हाताने पाणी पाजलं नव्हतं.

साथ ओसरली. बाइंडरीणबाईने नवऱ्याचं काम हाती घेतलं आणि दोन घरांची चूल एक झाली. मुलगी मावशीच्याच अंगाखांद्यावर वाढली, पुढे शिक्षिका झाली. म्हातारपणी कुणी म्हणालं, की तुम्ही त्या दोघींना जीवदान दिलंत, तर मावशी कपाळाला आठ्या घालून सांगे, "मी कसलं देतेय? मला आयती बहीण मिळाली, भाची मिळाली. एवढं कुणाच्या नशिबी असतं?"

दोघी भांडत मात्र शेवटपर्यंत. फक्त जेवायची वेळ झाली की भांडण तिथंच टाकून पानावर बसत.