वन्संचं धावणं

खाजगी गोष्ट भर दुकानात मोठ्याने बोलण्यात माझ्या थोरल्या नणंदेचा हात धरणारी बाई घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत दुसरी झाली नाही. वन्सं विक्रोळीच्या एका कारखान्यात टायपिस्ट होत्या. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही असं कोणी विचारलंच तर "जमलं नाही, तुमचं तरी कुठे जमलंय?" असं म्हणून समोरच्याचा चहा कडू करायच्या. त्यांनी भाजीवाल्याला मूळव्याधीवरचं औषध सांगितलेलं मी ऐकलंय, तेही त्याने विचारलेलं नसताना. अशा बाईने चाळिशीच्या तोंडावर धावायचं ठरवलं. शाळेत असताना त्या खूप धावायच्या, मग सुटलं. आता ऑफिसच्या क्रीडादिनात बायकांची शंभर मीटरची शर्यत होती आणि त्यांना त्यात उतरायचं होतं. माझ्या नवऱ्याचा जुना पायजमा आणि सैल शर्ट घालून त्या पहाटे मुलुंडच्या मैदानावर जाऊ लागल्या.

अडचण अंगाची होती. वन्संचं शरीर वरून भरलेलं. धावून आल्या की खांद्यांवर पट्ट्यांचे लाल वळ उठलेले असायचे आणि पाठ इतकी दुखायची की वाकून चप्पलही उचलवत नसे. मैदानावरची टोळकी काय काय बोलायची, ते त्यांनी मला जसंच्या तसं ऐकवलं आणि म्हणाल्या, "त्यांचं सोड गं. तोंड त्यांचं दुखेल. पाठीचं काय करू?"

मग आमच्या दुकानांच्या फेऱ्या सुरू झाल्या. त्या काळी घाटकोपरला आतले कपडे विकायला पुरुषच बसायचे. बायका कुजबुजत आकडा सांगत, दुकानदार छताकडे बघत खोके काढी आणि घेतलेली वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून देई. वन्सं काउंटरवर कोपर टेकून म्हणाल्या, "अशी ब्रा दाखवा, की धावताना काही हलणार नाही." दुकानातल्या दोन बायका काही न घेता बाहेर पडल्या. मी म्हटलं, "वन्सं, हळू बोला ना." दुकानदार लेस लावलेली एक गुलाबी वस्तू पुढे सरकवत म्हणाला, "ताई, लेडीज लोक धावत नाहीत." "मग मी कोण?" वन्संनी विचारलं. यावर त्याने पंखा मोठा केला. तिथून आम्ही अंधेरीला खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथे क्रिकेट खेळणाऱ्या पुरुषांच्या नाजूक जागेसाठी गार्ड होते, लहान पोरांच्या मापाचेसुद्धा. बायकांसाठी काय आहे म्हटल्यावर तिथल्या माणसाने बॅडमिंटनची फुलं दाखवली. वन्सं पायऱ्या उतरताना म्हणाल्या, "दहा वर्षांच्या पोराची एवढी काळजी. आणि आपण काय, वाऱ्यावर."

शेवटी त्यांनी औषधाच्या दुकानातून मुरगळलेल्या पायाला बांधायची पट्टी आणली आणि शर्यतीच्या दिवशी ती छातीभोवती गच्च आवळली. निम्म्या वाटेत श्वास कोंडला आणि त्या मैदानातच खाली बसल्या. ऑफिसातल्या बायकांनी पदरांचा आडोसा करून पट्टी सोडवली, तोवर तंबूतले पुरुष हसत होते. कारखान्यातले किती हसले आणि ऑफिसातले किती, हे वन्सं घरी येऊन तोंडावर काहीही न दाखवता सांगत होत्या.

पुढच्या वर्षीच्या पत्रकात बायकांसाठी लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची एवढंच होतं. धावणं भगिनींच्या सोयीसाठी रद्द. वन्सं साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या इज्जतीसाठीच केलं." वन्सं म्हणाल्या, "माझी इज्जत दुखत नाही, साहेब. पाठ दुखते." साहेबांनी फाईल उघडली आणि ती बराच वेळ वाचली.

वन्संनी हे सगळं जेवताना सांगितल्यावर माझ्या सासूबाई, म्हणजे वन्संची आई, ताटावरून उठल्या. मुलीच्या धावण्याबद्दल त्यांनी तोवर नाक मुरडण्यापलीकडे काही केलं नव्हतं. त्यांनी हात धुतले आणि भिंतीकडे बघत आपल्या मालवणीत म्हणाल्या, "माका पण धावूक आवडायचा. अंग भरला, नि माझ्या आवशीन घरात बसयल्यान." दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मांजरपाट आणलं, शिवणयंत्र पुढे ओढलं आणि मुलीला समोर उभं करून मापं घेतली. रुंद पट्टे, पाठीवर फुली, खाली चार बोटं जाड इलॅस्टिक. पहिलं काखेत काचलं, दुसरं खांद्यावरून घसरलं. सासूबाई उसवायच्या, पुन्हा शिवायच्या आणि वन्संना म्हणायच्या, "उडी मार बघू." आमच्या दोन खोल्यांत एक प्रौढ बाई उड्या मारतेय आणि तिची म्हातारी आई चष्म्यातून निरखतेय, हे दृश्य बघून साखर मागायला आलेली शेजारीण वाटी विसरून गेली.

क्रीडादिनाला वन्सं सरळ पुरुषांच्या शंभर मीटरच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना ओढून काढायची कोणाची हिंमत झाली नाही. त्या शेवटून दुसऱ्या आल्या. मागे राहिलेला हिशेब खात्यातला कारकून निवृत्त होईपर्यंत त्यांच्याशी बोलला नाही. बक्षीस नाही, नाव पुकारलं नाही, फोटोतही घेतलं नाही. पुढच्या वर्षी पत्रकात "फक्त पुरुषांसाठी" असं ठळक छापलं, तेवढीच काय ती नोंद.

वन्सं मात्र पहाटे धावत राहिल्या. घरी आल्या की सासूबाई चहा गाळता गाळता विचारायच्या, "कसा वाटला?" एरवी दोघींचं एका वाक्याच्या पुढे जमत नसे, पण वन्सं तेव्हा सगळं सांगत. दम कुठे लागला, कुत्रं कुठवर मागे आलं, शेवटच्या फेरीत पाय कसे आपोआप पडायला लागले. म्हातारी डोळे मिटून ऐकायची. सासूबाई गेल्या आणि काही महिन्यांत वन्संनी धावणं सोडलं. गुडघे दुखतात म्हणाल्या.

मी एकदा म्हटलं, "वन्सं, सकाळी जाऊन या ना. मी विचारीन, कसं वाटलं ते." त्या माझ्याकडे बघून हसल्या. मग काही तरी कडू बोलतील म्हणून मी वाट पाहिली, पण त्यांनी चहा संपवून कप विसळला. तो पालथा घालताना म्हणाल्या, "शेवटी शेवटी वारा पाठीमागून यायचा गं. ढकलल्यासारखा. आईला हे सांगायचं राहिलं."